जुनिपरचं तेल: लाहौल, लडाख आणि बाजारातली हपुषा. फरक मुलखाचा की आणखी कशाचा?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात बसून जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या तेलावर काम करायचं ठरतंय. सध्या तीन नमुने हाताशी आहेत.

पहिला: काष्ठौषधीच्या दुकानातली वाळकी हपुषा (जुनिपरची) फळं. भरड करून क्लेव्हेंजरमध्ये (तेल काढायच्या काचेच्या भट्टीत) ३ तास पाण्यात उकळून तेल काढलं.
दुसरा: लाहौलमधून सावलीत वाळवून आलेला पाला. त्याचं तेल त्याच पद्धतीनं.
तिसरा: 'हिमालयीन जुनिपर बेरी' असं लेबल असलेली तयार बाटली.

तिन्ही एकाच जीसी-एमएसवर (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर), डीबी-५ कॉलमवर (त्यातल्या घटक सुटे करणाऱ्या बारीक नळीवर) सोडले. पहिल्यात आल्फा-पायनीन पुढे, पण टर्पिनेन-४-ऑल अपेक्षेपेक्षा बरंच वर. दुसऱ्यात सॅबिनीन, आणि शेवटाकडे सेड्रॉलचा उंच पीक (आलेखावरचं शिखर). तिसऱ्यात आल्फा-पायनीन, त्याच्या जोडीला डेल्टा-३-कॅरीन, आणि १४०७ इंडेक्सजवळ (इंडेक्स म्हणजे घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो त्याचा ठरलेला अंक) एक ठळक पीक, ज्याला यंत्राची लायब्ररी लाँगिफोलीन म्हणते.

विचारायचं ते असं: हा फरक 'भौगोलिक' म्हणून मांडता येईल का? पुढच्या हंगामात लाहौल आणि लडाखमधून रीतसर नमुने आणायचे झाले, तर झाडं किती, पाला किती, महिना कोणता?

शुक्पा

नाही मांडता येणार. तीन नमुन्यांत तीन गोष्टी एकदम बदलल्यात. एक फळ आहे, एक पाला आहे, आणि तिसऱ्यात काय आहे ते बाटलीलाच ठाऊक. शिवाय पहिला आणि दुसरा बहुधा एकाच जातीचे नाहीत. मुलूख हा शब्द सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी जात, मग झाडाचा भाग, मग वय आणि ऋतू, मग भट्टी, मग यंत्र. एवढं वजा करून जे उरेल ते मुलखाचं.

जातीपासून सुरुवात करा. आपल्या हिमालयात जुनिपर म्हणजे एक झाड नव्हे.

जुनिपेरस कम्युनिस: सगळी पानं सुईसारखी, तीन-तीनच्या वेढ्यात, बुडाशी सांधा असलेली, वरच्या अंगाला एकच पांढरा पट्टा. फळं पानाच्या बगलेत, आत साधारण ३ बिया. हपुषा म्हणून ग्रंथांत आणि बाजारात येतं ते मुख्यतः याचं फळ.

जुनिपेरस स्क्वामाटा आणि रिकर्व्हा: यांचीही पानं सुईसारखी, पण बुडाशी सांधा नसतो. पान फांदीवर खाली उतरत जातं. फळात एकच बी.

जुनिपेरस इंडिका: वयात आलेल्या झाडाला खवल्यासारखी पानं, फळ काळं, बी एकच.

जुनिपेरस पॉलिकार्पॉस आणि सेमिग्लोबोसा: खवलेपानं, फळात एकाहून जास्त बिया. लाहौल, किन्नौर, लडाखमध्ये गोंपांच्या (बौद्ध मठांच्या) आसपास जे मोठं झाड दिसतं आणि ज्याचा पाला धुपासाठी जाळतात, ते सहसा पॉलिकार्पॉस. जुन्या भारतीय लेखांत ते 'मॅक्रोपोडा' किंवा 'एक्सेल्सा' नावानं सापडेल. खरं एक्सेल्सा ग्रीस-तुर्कस्तानकडचं. तेव्हा आकडे ताडून बघताना लेखातलं नाव बघू नका, नमुना कुठून आणला ते बघा.

एक सापळा आहे. खवलेपानांच्या जातींनाही कोवळ्या वयात आणि खालच्या फांद्यांवर सुईपानंच असतात. म्हणून हाताला लागली ती खालची डहाळी तोडून 'हे कम्युनिस' म्हणू नये. फळ असलेली, वरची, पक्की फांदी बघायची.

तुमच्या दुसऱ्या नमुन्यातलं सेड्रॉल बघता तो पाला पॉलिकार्पॉसचा असावा. पण असावा म्हणजे आहे नव्हे. त्या पाल्यात फळं आली असतील तर फोडून बिया मोजा.

जीसी_शाहूपुरी

तिसऱ्या बाटलीबद्दल.

डेल्टा-३-कॅरीन आणि लाँगिफोलीन हातात हात घालून आले की पहिला संशय चीर पाइनच्या टर्पेंटाइनचा घ्यायचा. आपल्याकडच्या पायनस रॉक्सबर्गीच्या टर्पेंटाइनची हीच खूण आहे: आल्फा-पायनीन, भरपूर ३-कॅरीन आणि मागे लाँगिफोलीन. जुनिपरच्या तेलातही आल्फा-पायनीनच मोठं असल्यामुळे ही भेसळ वासाला लवकर कळत नाही.

पण घाईनं निकाल देऊ नका. नुसतं ३-कॅरीन हा पुरावा नाही, काही जुनिपरांच्या तेलात ते मुळातच असतं. आणि १४०७ चा पीक लाँगिफोलीनच आहे हे आधी पक्कं करा, कारण आल्फा-सेड्रीन १४१० ला बसतं, म्हणजे अगदी खेटून. दोघांचंही रेणुवजन २०४. लायब्ररी कुठल्याही एकाचं नाव पुढे करील. स्पेक्ट्रम (घटकाच्या तुकड्यांच्या, म्हणजे आयनांच्या, वजनांचा आलेख) उघडून बघा: सेड्रीनमध्ये ११९ चा आयन सगळ्यांत उंच असतो, लाँगिफोलीनमध्ये १६१ चा मोठा दिसतो. सेड्रीन असेल तर त्याच तेलात थुजोप्सीन आणि सेड्रॉलही थोडंफार दिसायला हवं. ते काहीच नसेल, तर लाँगिफोलीन धरून चला.

आणखी खात्री हवी असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिनचा कायरल कॉलम. त्यावर आल्फा-पायनीनचे उजवे-डावे प्रकार वेगळे होतात. स्वतः ओळखलेल्या फळांचं तेल आणि ही बाटली शेजारी-शेजारी सोडा. दोघांतलं प्रमाण फार वेगळं निघालं तर बाटलीतलं पायनीन दुसऱ्या झाडाचं.

तोवर ही बाटली अभ्यासातून बाहेर काढा. विकत घेतलेल्या तेलाला ना जात, ना झाड, ना महिना. त्यावर भूगोल मांडता येत नाही.

डीबी-५ वरच्या तीन अडचणी लिहून ठेवा, जुनिपरमध्ये या हमखास येतात.

सॅबिनीन ९६९, बीटा-पायनीन ९७४. तेल जाड सोडलं की दोन्ही पीक एकमेकांत शिरतात आणि यंत्र सगळं सॅबिनीनच्या नावावर टाकतं. नमुना पातळ करा, स्प्लिट वाढवा (म्हणजे कॉलममध्ये नमुना कमी जातो). स्पेक्ट्रममध्ये दोघांचाही मुख्य आयन ९३ आहे, पण बीटा-पायनीनमध्ये ६९ चा आयन जास्त उठून दिसतो.

लिमोनीन १०२४, बीटा-फेलँड्रीन १०२५, १,८-सिनिओल १०२६. हे तिघं डीबी-५ वर बहुधा एकाच टेकाडाखाली येतात. नुसतं 'लिमोनीन' लिहिलेले रिपोर्ट म्हणूनच जपून वाचावेत. वॅक्स कॉलमवर (वेगळ्या लेपाच्या नळीवर) दुसरी फेरी घेतली तर निदान लिमोनीन तरी सुटं होतं.

विड्रॉल १५९९, सेड्रॉल १६००. लाकडाच्या तेलात हे फार महत्त्वाचं, पानातही सेड्रॉल आलं की तपासायला हवं.

भट्टीकर

पहिल्या नमुन्यातल्या टर्पिनेन-४-ऑलचं उत्तर भट्टीत असण्याची शक्यता जास्त.

सॅबिनीन नाजूक असतं. आम्लता आणि उष्णता एकत्र मिळाली की त्याचं कडं उघडतं आणि टर्पिनेन-४-ऑल, आल्फा-टर्पिनीन, गॅमा-टर्पिनीन, टर्पिनोलीन अशी मंडळी तयार होतात. फळांच्या भरडीतून पाण्यात आम्लं उतरतात, आणि ३ तास तेच पाणी उकळत राहतं. म्हणजे आपणच भांड्यात सॅबिनीन मोडतोय आणि कागदावर त्याला मुलखाचा गुण म्हणतोय.

तपासायची रीत साधी आहे. एकाच पोत्यातली फळं नीट कालवून चार वाटे करा, प्रत्येकी १०० ग्रॅम. दोन वाटे पाण्यात बुडवून उकळा, दोन जाळीवर ठेवून नुसती वाफ द्या. पाण्यातल्या वाट्यांचा पीएच आधी आणि नंतर मोजा. तेल ३० मिनिटांनी, १ तासानं आणि ३ तासांनी वेगवेगळं काढून घ्या. पाण्यातल्या वाट्यांत वर सांगितलेले चारही घटक एकदम चढलेले आणि सॅबिनीन उतरलेलं दिसलं तर कारण सापडलं. एकटं टर्पिनेन-४-ऑलच जास्त असेल आणि बाकीचे तीन जागच्या जागी असतील, तर तो फळाचाच गुण असू शकतो.

फळांचं आणखी थोडं. अख्खी फळं टाकली तर तेल कमी येतं आणि हलके घटकच आधी निघतात, म्हणून भरडायलाच हवीत. पण भरडल्यावर लगेच भट्टीत. रात्रभर उघडी ठेवली की पायनीन आणि मिर्सीन उडून जातात. मिक्सरमध्ये पूड करू नये, भांडं तापतं. खलबत्त्यात फळ फुटेल एवढाच घाव पुरे.

कम्युनिसचं फळ पिकायला दुसरं-तिसरं वर्ष लागतं. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि निळी-काळी दोन्ही असतात. बाजारच्या मालात दोन्ही मिसळलेली येतात. निवडून वेगळी करा, नाहीतर दोन पोत्यांतला फरक पिकण्याचाच निघेल.

पाल्याच्या तेलात सेड्रॉल भरपूर असेल तर एक गंमत नव्हे, अडचण होते: ते साधारण ८६ अंशांना वितळतं, म्हणजे थंड कंडेन्सरमध्ये पांढरे खडे होऊन नळीला चिकटून बसतं. तेलात कमी भरतं आणि 'या खोऱ्यात सेड्रॉल कमी' असा निष्कर्ष निघतो. शेवटच्या १५ मिनिटांत कंडेन्सरचं पाणी बारीक करून नळी कोमट होऊ द्यावी, वाफ बाहेर सुटणार नाही इतपतच. नंतर थोड्या हेक्सेननं नळी धुऊन ते धुवण तेलातच घ्या.

आणि पाला तिकडे डोंगरावर उकळण्याच्या भानगडीत पडू नका. लेहच्या उंचीवर, ३५०० मीटरला, पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. कोल्हापुरात ते ९८ च्या जवळ. कमी तापमानाच्या वाफेत जड घटक सावकाश येतात. तिथले २ तास आणि इथले २ तास सारखे नाहीत. सगळा पाला एका जागी आणून एकाच भांड्यात काढायचा.

पंचगंगाकाठ

@शुक्पा, दुसऱ्या नमुन्यात सात फळं सापडली. पाच फोडली, प्रत्येकात २ ते ४ बिया. पानं खवल्यासारखी. म्हणजे कम्युनिस नाही हे नक्की. बाटली बाजूला ठेवली.

@भट्टीकर दादा, चार वाट्यांचा प्रयोग करतो. जाळीवरच्या वाट्यांना वेळ किती द्यायचा?

भट्टीकर

तेवढाच, ३ तास. वेळ बदलला तर तुलनेला अर्थ नाही. वाफेचा वेग मात्र दोन्हीकडे सारखा ठेवा: कंडेन्सरखालून मिनिटाला किती मिली पाणी पडतं ते मोजून नोंदवा. 'मंद आच' असं वहीत लिहिलेलं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही.

शुक्पा

नमुने आणण्याबद्दल.

एका ठिकाणाहून किमान १० झाडं. प्रत्येक झाड वेगळं काढायचं, पाला एकत्र मिसळायचा नाही. हा मुद्दा सोडला तर बाकी सगळं केलेलं वाया. एकत्र मिसळलेल्या पाल्यातून त्या ठिकाणची सरासरी मिळते, पण शेजारच्या दोन झाडांत किती फरक आहे ते कायमचं हरवतं. आणि दोन खोऱ्यांतला फरक मोठा की लहान हे ठरवायचं मापच ते आहे.

झाडामागे २०० ग्रॅम ताजा पाला पुरतो. जुनिपरवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅडम्स यांची ठरलेली पद्धत हीच आहे: २०० ग्रॅम पाला, फिरत्या पाण्याच्या क्लेव्हेंजरमध्ये २ तास वाफ, तेल उणे २० अंशांत, आणि उरलेला चोथा १०० अंशांवर ४८ तास वाळवून कोरड्या वजनावर तेलाचा उतारा. त्यांच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर वेळ २ तासच ठेवा. जास्त वेळ काढलं की जड घटकांचं प्रमाण वाढतं.

शेंड्याकडच्या १५-२० सेंमी डहाळ्या घ्या, चारही बाजूंनी थोड्या-थोड्या. कोवळी सुईपानं नकोत. झाड नर की मादी ते लिहा, फळं खुडून वेगळी ठेवा. पाल्याबरोबर फळं भट्टीत गेली तर पाल्याचं तेल राहत नाही.

महिना. पॉवेल आणि अ‍ॅडम्स यांनी १९७३ मध्ये जुनिपेरस स्कोपुलोरमच्या तेलातला ऋतुमानाचा बदल तपासला होता. तुलनेसाठी हिवाळ्यातला पाला बरा, कारण उन्हाळ्यात वाढ चालू असताना तेल जास्त हलतं. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून लाहौलला जाणं सोपं झालंय, तरी भर बर्फात झाडापर्यंत पोचणं अवघडच. ऑक्टोबरचा शेवट, बर्फ पडायच्या आधी, आणि सगळी ठिकाणं एकाच पंधरवड्यात. लाहौल जूनमध्ये आणि लडाख ऑक्टोबरमध्ये असं केलं तर ऋतू आणि मुलूख यांची गाठ नंतर कुणालाही सोडवता येणार नाही.

पिशव्या कापडी. प्लॅस्टिकमध्ये पाला घाम धरतो, बुरशी येते, आणि प्लॅस्टिक स्वतः तेल शोषतं. सावलीत, हवा खेळती ठेवून वाळवा. काही ओला आणि काही वाळका असा प्रकार नको, सगळा एकाच रीतीनं.

प्रत्येक झाडाची एक दाबलेली डहाळी हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) द्या. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी बोलून घ्या. जातीचं नाव उद्या बदललं तरी डहाळी असेल तर तुमचं काम टिकतं.

वनखात्याची परवानगी निघण्याआधी हातात हवी. आणि गोंपाजवळची झाडं पवित्र मानतात, तिथं कात्री लावायची नाही. गावात विचारून, ते दाखवतील त्याच झाडाचा पाला घ्यावा. हे झाड फार सावकाश वाढतं. एक फांदी ओरबाडली तर ती भरून यायला आपलं निम्मं आयुष्य जातं.

अनुवंश

जात, भाग, ऋतू, भट्टी हे सगळं सारखं केलं आणि तरी लाहौल आणि लडाख वेगळे निघाले असं धरू. तरी एक प्रश्न उरतोच: हा फरक तिथल्या हवापाण्यामुळे, की तिथली झाडंच वंशानं वेगळी म्हणून?

जुनिपरच्या अभ्यासात या प्रश्नाचा एक मोठा धडा आहे. टेक्सासमध्ये जुनिपेरस अ‍ॅशे आणि पूर्वेकडे जुनिपेरस व्हर्जिनियाना. हॉल यांनी १९५२ मध्ये बाह्य रूपावरून मांडलं होतं की दोघांचा संकर होतो आणि अ‍ॅशेचे गुण व्हर्जिनियानात दूरवर झिरपत गेलेत. झाडांचं रूप बघता ते पटण्यासारखं होतं. पुढे फ्लेक, फॉन रुडलॉफ आणि टर्नर यांनी ईशान्य टेक्सासपासून वॉशिंग्टन डीसीपर्यंत, सुमारे १५०० मैलांच्या पट्ट्यात, व्हर्जिनियानाच्या पानांतली तेलं तपासली आणि १९६९ मध्ये निकाल छापला. तेल पट्ट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बदलत जातं, उतारावरून चालल्यासारखं. संकर असता तर अ‍ॅशेच्या तेलातले घटक टेक्सासकडे येताना वाढत गेलेले दिसायला हवे होते. तसं दिसलं नाही.

अ‍ॅशेचं पुढचं काम अ‍ॅडम्स यांनी केलं, आणि तिथं आणखी शिकण्यासारखं निघालं. मध्य टेक्सासच्या मोठ्या सलग पट्ट्यातली झाडं तेलानं जवळजवळ एकसारखी. वेगळी निघाली ती पश्चिम टेक्सास आणि मेक्सिकोतली तुटक ठिकाणं. म्हणजे जिथं दुसरी जात शेजारी आहे तिथं फरक नाही, आणि जिथं नाही तिथं आहे. उलगडा हवामानाच्या इतिहासात आहे: ती तुटक ठिकाणं जुन्या काळची उरलेली बेटं, आणि मध्य टेक्सासचा पट्टा हिमयुग सरल्यावर नव्यानं पसरलेला. आज दिसणारा भूगोल दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो. लाहौल-लडाखच्या खोऱ्यांत तर बर्फाच्या नद्यांनी झाडं अशीच तोडून वेगळी केली असणार, म्हणून आजच्या पावसाशी किंवा उंचीशी आकडे जुळले नाहीत तर नमुने चुकले असं लगेच समजू नका.

दुसरं उदाहरण भूमध्य समुद्राकडचं. जुनिपेरस ऑक्सिसेड्रस स्पेन-फ्रान्स-मोरोक्कोतही आणि ग्रीस-तुर्कस्तानातही, असं सगळे मानत. बघायला अगदी सारखं. तेल आणि डीएनए दोन्ही लावल्यावर पूर्वेकडचं झाड वेगळंच निघालं, आणि २००४ मध्ये त्याला जुनिपेरस डेल्टॉइड्स हे नाव मिळालं. ज्याला आधी भौगोलिक फरक म्हणत, ती दुसरी जात होती. म्हणून माझा आग्रह: तेलाच्या प्रत्येक नमुन्याबरोबर थोडा पाला सिलिका जेलमध्ये सुकवून डीएनएसाठी ठेवाच. मूठभर पाला, दसपट सिलिका.

हवापाणी आणि वंश वेगळे करायचा खरा मार्ग म्हणजे सगळीकडच्या झाडांची कलमं एका बागेत लावणं. जुनिपरची कलमं सावकाश मुळं धरतात आणि लडाखचं झाड कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तग धरणार नाही. ही बाग तिकडच्याच उंचीवर हवी, म्हणजे वर्षांचं काम.

आनंदी_वाचक

फार छान माहिती. आमच्या कॉलनीत कंपाउंडला ओळीनं जुनिपर लावलेत. सरावासाठी त्याचा पाला चालेल का?

शुक्पा

पान चपट्या पंख्यासारखं उभं असेल तर ती मोरपंखी आहे, जुनिपर नव्हे. शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. फळ बघा: मोरपंखीचं फळ निळसर हिरवं, टोकांना वाकडे आकडे असलेलं, आणि वाळलं की लाकडी होऊन उकलतं. जुनिपरचं फळ मांसल राहतं, उकलत नाही.

हे सांगायचं कारण असं की मोरपंखीच्या पाल्यातही आल्फा-पायनीन, ३-कॅरीन आणि सेड्रॉल सापडतं. नाव चुकलं तर तेल बघून चूक लक्षात येणार नाही.

औषधी_मिरजकर

हपुषाच्या फळांबद्दल थोडं.

युरोपीय फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) वाळक्या फळांत किलोला किमान १० मिली तेल मागितलंय. तेलाच्या मर्यादा मात्र बऱ्याच सैल आहेत: आल्फा-पायनीन २० ते ५० टक्के, सॅबिनीन २० टक्क्यांपर्यंत, मिर्सीन १ ते ३५, लिमोनीन २ ते १२, टर्पिनेन-४-ऑल ०.५ ते १०. एवढी मोकळीक ठेवावी लागली यातच फळाच्या तेलातला नैसर्गिक फरक दिसतो. पण म्हणूनच 'मर्यादेत बसलं' याचा अर्थ 'खरं आणि ताजं' असा होत नाही. जुनं, हवा लागलेलं तेलही बसू शकतं. गॅमा-टर्पिनीन उतरलेलं आणि पॅरा-सायमीन चढलेलं, सोबत व्हर्बिनोन दिसू लागलं, की बाटली शिळी समजा.

आणि सावधगिरी: जुनिपेरस सबायना या जातीच्या तेलात सॅबिनाइल अ‍ॅसिटेट असतं आणि ते विषारी आहे. गर्भपाताला कारण ठरतं. जात ओळखल्याशिवाय कुठल्याही जुनिपरचं तेल पोटात घेऊ नये, गरोदर बाईनं तर कुठलंच नाही.

लाकडाच्या तेलाचा गोंधळ एका ओळीत: बाजारात सीडरवुड म्हणून व्हर्जिनियाना, अ‍ॅशे, चिनी सरू आणि आपला देवदार अशी चार वेगळी झाडं विकली जातात. देवदार जुनिपर नाही, त्यात हिमाचलीन असतात, सेड्रॉलवर त्याचं तेल उभं नाही.

आकडेमोड

टक्क्यांचा फसवा हिशेब कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

समजा एका झाडाच्या पाल्यात पायनीन ४० मिग्रॅ, सॅबिनीन ४०, सेड्रॉल २०. एकूण १००, म्हणजे पायनीन ४० टक्के. दुसऱ्या झाडात पायनीन ४०, सॅबिनीन ४०, पण सेड्रॉल १२०. एकूण २००, पायनीन २० टक्के. पायनीन तसूभर हललं नाही, पण तक्त्यात ते निम्म्यावर आलं, आणि 'लडाखच्या झाडात पायनीन निम्मं' असं वाक्य छापून येतं.

उपाय दोन. एक, भट्टीत पाला टाकतानाच अंतर्गत मानक (वजन ठाऊक असलेला तुलनेचा घटक) मोजून घाला. पाल्यात नसलेला एखादा अल्केन (कार्बनच्या साखळीचा साधा हायड्रोकार्बन) निवडा, मग कोरड्या पाल्याच्या ग्रॅममागे किती मिग्रॅ ते काढता येतं. दोन, टक्केच हाताशी असतील तर लॉग-गुणोत्तरात (दोन घटकांच्या भागाकाराच्या लॉगमध्ये) बदलून मगच पीसीए (अनेक घटकांतला फरक एका चित्रात आणायची पद्धत) करा. शून्य टक्के आलेल्या घटकांचा लॉग निघत नाही, तिथं यंत्राच्या शोधमर्यादेचा ठराविक अंश घालावा आणि किती घातला ते लिहावं.

पीसीएचं चित्र काढण्याआधी प्रत्येक घटकाचं एफ-गुणोत्तर काढा: ठिकाणांमधला फरक भागिले ठिकाणाच्या आतला फरक. शुक्पांनी १० झाडं वेगळी ठेवायला सांगितली ती यासाठीच. ज्या घटकाचं एफ १ च्या आसपास आहे, त्यावर मुलखाविषयी एक शब्द लिहू नका, तो घटक कितीही मोठा असो.

तिरफळ

लाहौलला जायच्या आधी हात बसवायचा असेल तर दोन गोष्टी आपल्या जिल्ह्यातच आहेत.

एक, तिरफळ. त्याच्या सालीच्या तेलातही सॅबिनीन मोठं असतं, बरोबर लिमोनीन आणि टर्पिनेन-४-ऑल. भट्टीकरांनी सांगितलेला पाणी विरुद्ध वाफ हा प्रयोग आधी तिरफळावर करून बघा. माल स्वस्त, ओळख पक्की, आणि चुकला तरी हिमालयातला पाला वाया जात नाही. काळं बी आधी काढून टाका, तेल सालीत आहे.

दोन, गवती चहा. अनुवंश यांनी एका बागेतल्या कलमांचं सांगितलं, ते जुनिपरला जड आहे. गवती चहाला ते आपोआप होतं, कारण तो ठोंबांनीच लावतात. एका गड्ड्याचे सगळे ठोंब वंशानं एकच. त्याचे २०-२० ठोंब गगनबावडा, राधानगरी, कोल्हापूर आणि शिरोळला लावा. गगनबावड्यात शिरोळच्या कित्येक पट पाऊस, मातीही वेगळी. वंश एक, हवापाणी चार. जो फरक निघेल तो निव्वळ जागेचा. त्यावरून कळेल की नुसती जागा तेलाला किती हलवू शकते, आणि मग जुनिपरचे आकडे वाचायला एक अंदाज येतो.

जात सिट्रॅटस घ्या, परसातली. भट्टीसाठी शेतात लावतात तो बऱ्याचदा फ्लेक्सुओसस असतो. सिट्रॅटसमध्ये मिर्सीन चांगलं दिसतं, फ्लेक्सुओससमध्ये फार थोडं. नेराल १२३५ ला आणि जेरानिअल १२६४ ला येईल. कापणी चारही ठिकाणी एकाच दिवशी, जमिनीपासून १०-१५ सेंमी वर.

तुळस मात्र या प्रयोगाला घेऊ नका. ती बियांपासून येते, आणि तिच्यात युजेनॉलवाली आणि मिथाइल युजेनॉलवाली अशी घराणीच वेगळी आहेत.

अनुवंश

गवती चहाची कल्पना फार चांगली. एकच भर: प्रत्येक ठिकाणी ठोंब लावताना बुडाचं वजन सारखं ठेवा आणि पहिली कापणी सोडून द्या. पहिल्या कापणीत आईच्या जागेचा परिणाम उरलेला असतो.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय: या पावसाळ्यात गवती चहाचे ठोंब चार ठिकाणी, दिवाळीपर्यंत तिरफळावर भट्टीचा प्रयोग, आणि परवानग्या मिळाल्या तर पुढच्या ऑक्टोबरअखेर लाहौल आणि लडाख, प्रत्येकी १० झाडं, जात फक्त पॉलिकार्पॉस. हपुषाच्या फळांचं काम पूर्ण वेगळं ठेवतो.

एक शेवटचं, @जीसी_शाहूपुरी सर. तुम्ही दिलेले इंडेक्स माझ्या यंत्रावर २-३ अंकांनी सरकून येतात. अल्केन एकदाच, कॉलम बसवला तेव्हा सोडले होते.

जीसी_शाहूपुरी

तेच कारण. अल्केनचं मिश्रण, सी-८ ते सी-२० (८ ते २० कार्बनचे), रोज सकाळी पहिलं सोडायचं, आणि त्याच तापमान-कार्यक्रमावर: ६० पासून २४६ अंशांपर्यंत, मिनिटाला ३ अंश. डायटर्पीन (२० कार्बनचे जड घटक) बघायचे असतील तर सी-२४ पर्यंतचं घ्या.

सूत्र सोपं आहे. घटकाच्या आधीच्या अल्केनचा वेळ घटकाच्या वेळेतून वजा करा, त्याला दोन शेजारी अल्केनांमधल्या अंतरानं भागा, आधीच्या अल्केनच्या कार्बनची संख्या त्यात मिळवा आणि १०० नं गुणा. आल्फा-पायनीन ९३२ म्हणजे सी-९ नंतर सी-१० कडे जाताना ३२ टक्के वाटेवर.

कॉलमचं पुढचं टोक अर्धा मीटर कापलं की लगेच पुन्हा अल्केन. आणि जुनिपरच्या पाल्यातलं जड द्रव्य पुढच्या टोकाला साचतं, म्हणून दर तीस-चाळीस नमुन्यांमागे लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) बदला. मळकट लायनरवर सॅबिनीन इंजेक्टरमध्येच मोडतं, आणि मग भट्टीत सांभाळलेलं सगळं तिथं जातं.